फुटाला दहा बोलोनिनी

इटलीतल्या फेरारा संस्थानाचा अधिपती बोर्सो द एस्ते याला लिहिलेले एक पत्र आज उपलब्ध आहे. त्यावर २५ मार्च १४७० ही तारीख आहे. लिहिणारा फ्रान्चेस्को देल कोसा, फेराराचाच चित्रकार. पत्रात सौंदर्य, प्रतिभा, कलेचे ध्येय यांतले काही नाही. पत्र मजुरीचे आहे.

बोर्सोने आपल्या स्किफानोया नावाच्या विलासमहालातले एक मोठे दालन रंगवून घेतले होते. ‘स्किफानोया’ म्हणजे कंटाळा टाळण्याची जागा. भिंतींवर वर्षाचे बारा महिने काढायचे होते. प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे: वर देवता, मधे राशी, खाली त्या महिन्यातला बोर्सोचा दिनक्रम. काम अनेक चित्रकारांत वाटले गेले आणि सर्वांना एकच दर लावला गेला. फुटाला दहा बोलोनिनी. बोलोनिनो हे चांदीचे किरकोळ नाणे. भिंत मोजायची, आकडा गुणायचा आणि पैसे चुकते करायचे. गवंड्याच्या गिलाव्याचा हिशेब होतो तसाच हा हिशेब.

कोसाने याविरुद्ध दाद मागितली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दालनाच्या बाहेरच्या खोलीकडच्या बाजूचे तीन भाग मी एकट्याने केले आहेत. माझे आता थोडेफार नाव होऊ लागले आहे. मी या विद्येचा अभ्यास केला आहे आणि अजून करतो आहे. सोने आणि चांगले रंग मी वापरले. बहुतेक काम ओल्या गिलाव्यावर केले, जे अधिक कठीण आणि अधिक टिकाऊ. असे असताना फेरारातल्या सगळ्यात टाकाऊ उमेदवाराच्या पंगतीला मला बसवले जावे, याचे दुःख होते.

बोर्सोचे उत्तर कोरडे होते. जो दर ठरला आहे, त्यात समाधान मानावे.

या पत्राकडे वळण्याचे कारण आपल्या एका शब्दात आहे. युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या कलेविषयी मराठीत लिहिताना आपण ‘आश्रयदाता’ किंवा ‘राजाश्रय’ हे शब्द सहज वापरतो. त्यातून डोळ्यांसमोर येते ते एक उदार छत्र आणि त्याखाली निर्धास्तपणे चित्र काढणारा कलावंत. त्या काळचे करारनामे वाचले, की हे चित्र पुसले जाते. तिथे दिसतात विसार, हप्ते, मुदत, दंड, मालाचा दर्जा आणि मोजमाप. आश्रयदाता हा आधी गिऱ्हाईक होता, आणि बहुधा चिकित्सक गिऱ्हाईक.

फ्लॉरेन्समधला एक करारनामा पाहू. तिथल्या अनाथ बालकांच्या आश्रमाचे, म्हणजे ‘इनोचेन्ती’चे प्रमुख फ्रान्चेस्को तेसोरी यांच्या वतीने २३ ऑक्टोबर १४८५ रोजी दोमेनिको गिर्लान्दायोशी करार झाला. विषय: पूर्वेकडच्या राजांनी बाल येशूला केलेले वंदन. चित्रकाराने आधी कागदावर काढून दिलेल्या आराखड्याप्रमाणे काम करायचे. रंग आणि सोने त्याच्या खर्चाने. निळा रंग लाजवर्दाचाच, आणि तोही औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचा. काम तीस महिन्यांत पुरे करायचे. मोबदला ११५ फ्लोरिन, पण तोसुद्धा करारनामा लिहिणारे फ्रा बर्नार्दो यांना काम तेवढ्या किमतीचे वाटले तर. नाही वाटले, तर त्यांना योग्य वाटेल तेवढे कमी. दरमहा तीन फ्लोरिन हप्ता. उशीर झाला, तर पंधरा फ्लोरिन दंड.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. चित्रकाराचा महिन्याचा हप्ता तीन फ्लोरिन आणि निळ्या रंगाचा एक औंस चार फ्लोरिन. लाजवर्दाचा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा, म्हणून तो महाग. कुमारी मातेचा झगा कोणत्या निळ्याने रंगवला आहे, हे पाहणाऱ्यालाही कळत असे. गिऱ्हाईक पैसे मोजत होते ते आधी या दिसणाऱ्या ऐवजाचे, आणि मग हाताच्या कौशल्याचे. गिर्लान्दायोने काम मुदतीच्या आसपास पुरे केले. चित्रावर १४८८ साल आहे आणि ते आजही त्याच आश्रमाच्या संग्रहालयात आहे. खालच्या पट्टीतली छोटी चित्रे मात्र बार्तोलोमेओ दी जोव्हान्नी या दुसऱ्या चित्रकाराने केली.

मायकेल बॅक्संडॉल या ब्रिटिश अभ्यासकाने १९७२ मधल्या आपल्या ग्रंथात अशाच करारांच्या आधारे एक बदल दाखवून दिला. पंधराव्या शतकाच्या ओघात सोन्याचा आणि निळ्या रंगाचा आग्रह हळूहळू कमी होत गेला आणि चित्रकाराच्या हाताचा आग्रह वाढला. विचाराच्या पातळीवर आल्बेर्तीने १४३५ मध्येच म्हटले होते, की खरे सोने लावण्यापेक्षा साध्या रंगांनी सोन्याची चमक दाखवणे अधिक कौतुकाचे. व्यवहार तिथवर सावकाश पोचला. १४४५ मध्ये सान्सेपोल्क्रोच्या धर्मसंघाने पिएरो देल्ला फ्रान्चेस्काशी करार करताना त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी कुंचला लावू नये, अशी अट घातली. (मुदत तीन वर्षांची होती. पिएरोने कितीतरी अधिक वर्षे लावली.) १४९९ मध्ये ओर्व्हिएतोच्या कॅथीड्रलने लुका सिन्योरेल्लीकडून लिहून घेतले, की आकृतींचे चेहरे आणि कमरेवरचा भाग त्याने स्वतः रंगवावा. कमरेखालचे साहाय्यकांनी केले तरी चालेल! ही विभागणी आज हास्यास्पद वाटेल, पण हाताला किंमत आहे हे मान्य करण्याची ती एक पायरी होती.

कोसाचे पत्र या वाटेवर मधेच उभे आहे. त्याने बोर्सोला जे सांगितले, ते पुढच्या पिढीत सर्वमान्य झाले. त्याचा गुन्हा एवढाच, की तो थोडा आधी बोलला आणि चुकीच्या माणसाशी बोलला.

मग पगारी दरबारी चित्रकार तरी सुखी होता का? मान्तुआच्या लुदोव्हिको गोन्झागाने १४५८ मध्ये आन्द्रेआ मान्तेन्याला दरमहा पंधरा दुकात, राहायला घर, सहा माणसांचे धान्य आणि सरपण देऊ केले. मोठी मानाची नोकरी. पण १४७८ मध्ये मान्तेन्या थकबाकीची तक्रार करताना दिसतो. दरबाराची तिजोरी रिकामी झाली, की मानाची नोकरीही उधारीवर चाले.

त्याच मान्तुआच्या इझाबेल्ला द एस्तेचे उदाहरण आणखी बोलके आहे. ती बोर्सोची पुतणी. तिने आपल्या अभ्यासिकेसाठी पेरुजिनोकडून शृंगार आणि शील यांच्या युद्धाचे चित्र मागवले. करार १९ जानेवारी १५०३ चा, मोबदला शंभर दुकात. कोणती देवता कुठे आणि काय करते आहे, याचा तपशील लिहून दिलेला. आकृती कमी केल्या तर चालेल, पण स्वतःच्या मनाचे काही घालायचे नाही, अशी सक्त ताकीद. तिचा माणूस कारखान्यात जाऊन पाहणी करी. व्हीनस विवस्त्र काढली आहे, हेही तिच्या कानावर गेले. १५०५ मध्ये चित्र पोचले. इझाबेल्लाने पैसे दिले आणि कळवले, की अधिक निगुतीने पुरे केले असते तर तुमचाच मान वाढला असता.

याच बाईंना व्हेनिसच्या जोव्हान्नी बेल्लिनीकडून मात्र मनासारखे चित्र मिळाले नाही. विसार घेऊनही त्याने वर्षानुवर्षे टाळाटाळ केली. शेवटी १५०४ मध्ये ठरलेल्या विषयाऐवजी ख्रिस्तजन्माचे चित्र पाठवले. पिएत्रो बेम्बो या साहित्यिकाने पुढे १५०६ च्या जानेवारीत तिला समजावले, की बेल्लिनीला फार बारीक अटी आवडत नाहीत. चित्रात आपल्या मनाप्रमाणे हिंडायची त्याला सवय आहे. लिओनार्दोने तर तिचे एक रेखाटन केले. रंगीत चित्र कधीच दिले नाही.

कोसाला जे जमले नाही, ते बेल्लिनीला कसे जमले? माझ्या मते याचे उत्तर यजमानांच्या वाढत्या रसिकतेत शोधू नये. इझाबेल्ला बोर्सोपेक्षा कमी हुकूम सोडणारी नव्हती. फरक चित्रकाराच्या दारात होता. बेल्लिनीच्या दारात व्हेनिसचे प्रजासत्ताक, देवळे, धर्मसंघ, सरदार अशी रांग होती. एकाला नाही म्हटले तरी त्याची चूल पेटत होती. चित्रकाराला मोकळीक मिळाली ती एखाद्या उदार आश्रयदात्यामुळे नव्हे. आश्रयदाते अनेक झाले, आणि त्यांच्यात चढाओढ लागली, म्हणून मिळाली. राजाश्रयाचे गोडवे गाताना आपण नेमके हेच विसरतो, की एकच आश्रय असणे ही कलावंताची सर्वांत अवघड स्थिती असते.

कोसानेही अखेर तोच मार्ग धरला. त्याने फेरारा सोडले आणि बोलोन्या गाठले. तिथे त्याला कामे मिळाली. १४७४ सालचे त्याचे एक वेदीचित्र आजही त्या शहराच्या चित्रसंग्रहात आहे. पुढे चार-पाच वर्षांच्या आतच तो वारला. बोर्सो त्याआधी, १४७१ मध्येच, फेराराचा ड्यूक ही पदवी मिळवून काही महिन्यांत निवर्तला होता.

स्किफानोयाच्या भिंतींवर पुढे चुना फासला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो खरवडल्यावर चित्रे पुन्हा दिसू लागली. बारांपैकी सात महिने आज बऱ्यापैकी पाहता येतात. पण चित्रकाराचे नाव भिंतीवर नव्हते, आणि श्रेय दुसऱ्यांना जात होते. त्याच शतकाच्या अखेरीस कोसाचे पत्र प्रसिद्ध झाले आणि मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने त्याच्या नावावर लागले. त्याने नाव मागितले नव्हते, योग्य मजुरी मागितली होती. ती मिळाली असती, तर पत्र उरले नसते आणि कदाचित नावही.

त्या तीन महिन्यांत काय रंगवले आहे, हेही सांगायला हवे. मार्चच्या खालच्या पट्ट्यात बोर्सो एका कमानीखाली प्रजेची गाऱ्हाणी ऐकतो आहे, आणि कमानीवर लॅटिन अक्षरांत ‘न्याय’ असे कोरलेले दाखवले आहे. एप्रिलमध्ये तो आपल्या विदूषकाच्या हातावर एक नाणे ठेवतो आहे. दोन्ही चित्रे कोसाची आहेत, आणि दोन्ही फुटाला दहा बोलोनिनी या दराने मोजली गेली.