दिनविशेष : १५ सप्टेंबर १८५३ – साउथ बटलरच्या पाळकबाई

न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ बटलर या छोट्या गावातल्या काँग्रिगेशनल चर्चने आजच्या दिवशी अँटोनेट ब्राउन यांना पाळकपदाची दीक्षा दिली. अमेरिकेतल्या प्रमुख प्रॉटेस्टंट पंथांत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात.

ओबर्लिन कॉलेजात धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम त्यांनी १८५० मध्ये पुरा केला, पण बाई म्हणून पदवी नाकारली गेली. साउथ बटलरने मात्र त्यांना आपणहून बोलावलं, वर्षाला ३०० डॉलर पगारावर. काँग्रिगेशनल पंथात वर बिशप नसतो. पाळक कोण, हे गावची मंडळीच ठरवते. आणि साउथ बटलरची मंडळी धीटच! या गोऱ्या लोकांनी १८४१ मध्येच गुलामीतून निसटलेल्या कुटुंबातले कृष्णवर्णीय सॅम्युअल रिंगोल्ड वॉर्ड यांना पाळक नेमलं होतं.

ब्राउन यांच्या दीक्षेचं प्रवचन पाळक ल्यूथर ली यांनी केलं. ख्रिस्तात स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही, हे बायबलमधलं पौलाचं वचन त्यांनी आधाराला घेतलं.

दीक्षेनंतर ब्राउन तिथे वर्षभरही राहिल्या नाहीत. नरकाची भीती घालणारा उपदेश त्यांना पटेना, प्रकृतीही ढासळली. ओबर्लिनने अखेर १९०८ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाल्यावर १९२० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांनी अध्यक्षीय निवडणुकीत मतदान केलं.