वय झालं!

मासा चांगला की वाईट हे ओळखण्याची विद्या आमच्या आजोळी पिढीजात आहे. अडचण एवढीच, की ती मासा मेल्यानंतर लागू होते. माझी मामी वर्सोव्याच्या बाजारात शिरली की कोळणी सावध होतात. मामी पापलेट उचलते, अंगठ्याने कल्ला वर करते, आत लाल आहे की फिक्कट ते पाहते, डोळा पाणीदार आहे की बसलेला ते पाहते आणि एक अक्षर न बोलता मासा पाटीत परत ठेवते. त्या न बोलण्यात जो निकाल असतो तो हायकोर्टातही ऐकायला मिळायचा नाही.

जिवंत माशाची तब्येत पाहण्याची वेळ मात्र आमच्यापैकी कुणावर आली नव्हती. ती आली माझ्या मामेभावामुळे. त्याने अंधेरीच्या घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली, तीत क्लाउनफिशची जोडी सोडली, सोबतीला एक समुद्रफूल ठेवले आणि तो कॅनडाला निघून गेला. क्लाउनफिश म्हणजे ते नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे. २००३ साली त्यांच्यावर सिनेमा निघाला आणि तेव्हापासून पोरे त्यांना निमो म्हणतात. जोडीतला एक गेला. दुसरा तेरा वर्षांचा झाला. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मामेभाऊ आधी विचारतो, "मासा कसा आहे?" मग, "आणि बाबा, तुम्ही?" मामा याचा राग मानत नाहीत. मासा आहे म्हणून फोन तरी वेळेवर येतो, असे त्यांचे म्हणणे.

अशा या माशाच्या अंगावर गेल्या पावसाळ्यात पांढरे ठिपके उमटले. मामांनी मला बँकेत फोन केला. समोर पासबुक घेऊन पाच माणसे उभी. मामा धापा टाकत बोलत होते. हल्ली दोन जिने चढले की त्यांचे असेच होते.

"वय झालं रे," मामा म्हणाले.

"असं काय बोलता, मामा!"

"माझं नव्हे, माशाचं."

मी कॉमर्सचा पदवीधर. एखाद्या वस्तूची किंमत उतरली तर आम्ही पहिल्यांदा विचारतो, हा घसारा की नुकसान? घसारा दरवर्षी ठरल्याप्रमाणे वजा होतो, त्यासाठी कुणी चष्मा पुसत नाही. नुकसानीची मात्र चौकशी करावी लागते, आणि चौकशीचा कंटाळा आला की चांगले चांगले साहेब नुकसान घसाऱ्यात घालून मोकळे होतात. 'वय झालं' ही मला तसलीच नोंद वाटली. म्हणून मी या प्रकरणाची जुनी कागदपत्रे काढायला बसलो.

काचेत समुद्र ठेवण्याचा उद्योग पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून प्रवाळ आणून लंडनमध्ये घरी ठेवले. पाण्यात हवा खेळली नाही तर जीव गुदमरतो हे त्यांच्या लक्षात आले. त्यावर त्यांनी काढलेला उपाय आपल्या मध्यमवर्गाला लगेच पटेल: मोलकरणीला रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभे करून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायला लावले. जगातला पहिला एअर पंप असा पगारी होता. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. फिलिप गॉस या निसर्गपंडिताने १८५४ मध्ये त्यावर पुस्तक लिहून 'ॲक्वेरियम' हा शब्द घराघरात नेला आणि समुद्र दूर असलेल्यांसाठी क्षार मोजून कृत्रिम समुद्राचे पाणीही करून दाखवले. मामांच्या गच्चीतून अरबी समुद्र दिसतो, पण ते पाणी टाकीत घालण्याच्या लायकीचे नाही. म्हणून तेही गॉससाहेबांच्या वाटेने जातात: पाकिटातले मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅम. खिडकीत फुकटचा समुद्र आणि दिवाणखान्यात विकतचा.

मासे ठेवता आले, पण ते का मरतात हे कळायला फार वर्षे गेली. आपल्या मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले १९५१ साली, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे काचेला नाक लावून उभे राहिलो होतो आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी प्रत्येक टाकीपुढे एकच प्रश्न विचारला होता, "बाई, हा खातात का?" त्याच १९५१ साली तिकडे ई. एम. ब्राउन यांनी लंडनमध्ये माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांमागचा गुन्हेगार पकडून त्याचे नाव दप्तरी नोंदवले: क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. जपानच्या सिकामांनी त्याचे वर्णन १९३७ मध्येच केले होते. एका पेशीचा हा परजीवी. याची वागणूक मी वाचली आणि आमच्या शाखेतला एक कर्जदार डोळ्यांपुढे उभा राहिला. हा माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, मग आपण होऊन गळून पडतो. ठिपके जातात. घरात आनंदीआनंद होतो. इकडे हा टाकीच्या तळाशी कवच करून बसलेला असतो, एकाचे शेकडो होतात, आणि काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनी, सगळे मिळून पुन्हा माशावर येतात.

यावर औषध म्हणजे तांबे. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये अशाच एका दुसऱ्या परजीवीवर मोरचुदाचा उपाय छापला आणि तिथून तांबे जगभरच्या मत्स्यालयांत शिरले. लिटरला मिलिग्रामचा साधारण पाचवा हिस्सा. कमी पडले तर परजीवी हसतो, जास्त झाले तर मासा जातो. आणि समुद्रफुलाला तर बरोबर मात्राही विषच.

आमच्या दुकानदाराने फोनवरच निदान केले. "व्हाइट स्पॉट! कॉपर टाका." बाटलीही पाठवली. मामा झाकण उघडून टाकीपाशी उभे होते तेव्हा मी पोचलो.

"मामा, थांबा. आधी खातं उघडू."

बँकेतल्या माणसाला दुसरे येते काय? दोनशे पानी वही आणली, रकाने आखले: तारीख, ठिपके किती, कुठे, मिनिटाला कल्ले किती वेळा हलतात, खाल्ले की नाही. मामा रोज सकाळी आठला भिंग घेऊन टाकीसमोर बसू लागले. दहा दिवसांनी मी वही तपासली. क्रिप्टोकॅरियॉन असता तर ठिपके जायला हवे होते, परत यायला हवे होते. हे चारच होते, कल्ल्यांजवळच्या परावर आणि शेपटीवर, आणि जागचे हलले नव्हते; उलट थोडे फुगून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे दिसत होते. कल्ल्यांची गती तीच. भूक शाबूत. शिल्लक बरोबर जुळत होती, फक्त आरोपी चुकला होता.

मग मत्स्यशास्त्र शिकलेला एक मुलगा घरी आला. माशांचे आजार हा आता रीतसर अभ्यासक्रम आहे. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ मध्ये निघाली आणि ती मामांच्या फिरायला जायच्या वाटेवर, वर्सोव्यातच आहे, हे मामांना त्या दिवशी कळले. मुलाने वही पाहिली (माझ्या रकान्यांचे कौतुक करणारा तो पहिलाच), तुऱ्याचा कणभर तुकडा घेतला, सूक्ष्मदर्शक लावला आणि म्हणाला, "लिम्फोसिस्टिस." हा विषाणूचा रोग. त्यात एकेक पेशी इतकी फुगते की साध्या भिंगातही दिसावी. त्याची पहिली नोंद १८७४ची, आणि हा विषाणू असावा असा तर्क वाइसेनबर्ग यांनी १९१४ मध्येच केला होता.

"औषध?" मामांनी विचारले.

"नाही. पाणी स्वच्छ ठेवा, त्याला त्रास देऊ नका. बहुतेक वेळा आपोआप जातो. तांबं घातलं असतंत तर समुद्रफूल गेलं असतं आणि हे ठिपके तसेच राहिले असते."

"पण वय झालंय त्याचं."

"काका, क्लाउनफिशच्या एका जातीचा २००७ मध्ये अभ्यास झालाय. तीस वर्षांपर्यंत जगू शकतात असा अंदाज निघाला. तेरा म्हणजे काहीच नाही." मग जरा चाचरत, "आणि हा तो नाही, ती आहे. जोडीतली मोठी नेहमी मादी असते. ती मेली, तर उरलेला नरच मादी होतो. हे १९७७ पासून माहीत आहे."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघा! माशांनासुद्धा कळतं, बायको गेली की तिची कामं कुणी करायची ते."

अडीच महिन्यांत तुरे झडले. रविवारच्या कॉलवर मामांनी वहीच कॅमेऱ्यापुढे धरली. मामेभावाने पाने पाहिली, जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या श्वासाचा रकाना कुठाय?"

"माझं काय, वय झालं," मामा म्हणाले, आणि आम्ही तिघेही त्यांच्याकडे बघत राहिलो. कॅनडा धरून तिघे.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी पाहिली, आणि मग अंगठ्याने मामांची खालची पापणी ओढून आत पाहिले. पांढरीफटक. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ. का उतरले याचा शोध सुरू झाला. पोटात एक जुनी जखम महिनोन्‌महिने झिरपत होती. तिच्यावर औषध होते.

मामीने पापणीकडे पाहिले होते. बाहेर येताना ती मला हळूच म्हणाली, "अरे, बाजारात असते ना, तर मी यांना केव्हाच पाटीत परत ठेवलं असतं. घरात असून एकदा कल्ला वर करून बघायचं सुचलं नाही मेलं."