कर्णा आणि तार

१९३१ साली कराचीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे मोटवाने यांच्या शिकागो रेडिओने कर्णे लावले होते. दूर बसलेल्या माणसालाही पुढाऱ्याचा शब्द कळावा, एवढाच हेतू.

तो हेतू एका तारेने कसा फसतो, हे मी खामगावात पाहिले. सभेत मी कराराची कलमे वाचत होतो. पुढच्यांनी टाळ्या दिल्या. मागे बसलेल्या जिनातल्या कामगारांना काहीच कळले नाही. न ऐकता दिलेली संमती ती कसली? दोष लांब नि बारीक तारेचा होता.

ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ सालच्या ग्रंथात याचे गणित मांडले. तार लांब, तर विजेला अडथळा अधिक. जाड, तर कमी. १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार १०० मीटर नेली, तर जाऊन-येऊन अडथळा सुमारे ३.४ ओहम होतो. ८ ओहमच्या कर्ण्यासाठी निघालेल्या शक्तीचे शंभरातले तीस भाग तारेतच उष्णता होऊन जातात. घरच्या स्टीरिओला हीच तार ५ मीटर लावा; जेमतेम दोन भाग जातील, ते कानाला कळतही नाहीत.

म्हणून घरी महागड्या तारेचा मोह नको आणि सभेत जाड तारेची काटकसर नको. मत घेण्यापूर्वी मी आता शेवटच्या रांगेत जाऊन ऐकून येतो.