मशेरी

मशेरी (काही भागांत मिश्री किंवा मिसरी) ही तंबाखू भाजून तयार केलेली काळपट पूड असून ती दात व हिरड्यांवर घासली जाते. धूरविरहित तंबाखूच्या प्रकारांत तिची गणना होते. महाराष्ट्र व गोवा या राज्यांत ती प्रचलित आहे आणि वापरणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय आहे. दात काळे करण्यासाठी पूर्वी वापरले जाणारे मिस्सी हे प्रसाधन मशेरीहून वेगळे आहे. नावांतील साम्यामुळे दोहोंची गल्लत होते.

निर्मिती

वाळलेली तंबाखू तव्यावर किंवा पत्र्यावर काळी पडेपर्यंत भाजून तिची पूड करतात. भाजताना उठणारा ठसका शेजारच्या घरांपर्यंत जातो. भाजल्याने तंबाखूचा दोष जळून जातो, हा समज चुकीचा आहे. पुडीत निकोटीन शिल्लक राहतेच. शिवाय अर्धवट ज्वलनामुळे बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे नव्याने तयार होतात.

वापर आणि सवय

चिमूटभर पूड तर्जनीने दातांवर व हिरड्यांवर घासून काही वेळ तोंडात ठेवली जाते. दातदुखीवरील घरगुती उपाय किंवा दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून वापराला सुरुवात होते. हिरड्यांच्या त्वचेतून निकोटीन रक्तात शोषले जात असल्याने पुढे तल्लफ येऊ लागते आणि सकाळपुरती असलेली मशेरी दिवसातून अनेक वेळा लावली जाते. मशेरीशिवाय शौचास साफ होत नाही, असे अनेक जण सांगतात. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवते, त्यामुळे हा अनुभव खोटा नसतो. परंतु तो औषधी गुण नसून अवलंबित्वाचाच भाग आहे.

मशेरी ‘खाल्ली’ जात नाही, ‘लावली’ जाते. त्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तरही नकारार्थी येऊ शकते. रुग्णाला मशेरीविषयी नाव घेऊन विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दुष्परिणाम

दीर्घकालीन वापराने हिरड्या मागे सरकतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या आतील त्वचेवर पांढरे चट्टे उमटू शकतात. यांपैकी काही चट्ट्यांचे रूपांतर कर्करोगात होते. धूरविरहित तंबाखू मानवात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे.

गर्भावस्थेतील परिणाम विशेष गंभीर आहेत. मुंबईतील गर्भवती स्त्रियांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये मशेरीचे प्रमाण मोठे होते. अशा स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले आणि गर्भधारणेचा कालावधी सुमारे ६ दिवसांनी घटलेला दिसला. आधीच कुपोषित असलेल्या मातेच्या बाळासाठी ही घट किरकोळ नव्हे.

प्रसार व कायदा

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. राज्यातील तंबाखूचा प्रश्न त्यामुळे प्रामुख्याने सिगारेट-विडीचा नाही. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. वेष्टनांवरील सचित्र इशाऱ्यांचाही नियम आहे. मात्र घरीच भाजलेल्या मशेरीला वेष्टनच नसते.

मशेरी सोडणे

मशेरी बंद केल्यावर चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठता व झोपेच्या तक्रारी उद्भवतात. त्या पहिल्या आठवड्यात तीव्र असतात आणि साधारणतः २ ते ४ आठवड्यांत ओसरतात. बद्धकोष्ठतेच्या भीतीने अनेकदा पुन्हा सुरुवात होत असल्याने भरपूर पाणी व तंतुमय आहाराचा सल्ला आधीच दिलेला उपयुक्त ठरतो. दातदुखीसाठी मशेरी लावणाऱ्यांच्या दातांवर उपचार झाल्याखेरीज समुपदेशन फारसे टिकत नाही. वैद्यकीय सल्ल्याने निकोटीनयुक्त च्युइंगगम किंवा औषधे देता येतात. गर्भवतींमध्ये मात्र समुपदेशनाला प्राधान्य दिले जाते. घरातील सासू वा जाऊ मशेरी लावत असल्यास सर्वांनी एकत्र सोडणे सोपे जाते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे.