मोरचुदातला सिनेमा

मृगाच्या आधी शेंदूरजनाघाटच्या संत्राबागांत खोडं निळसर दिसतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डिंक्या रोगावरची ही बोर्डो पेस्ट वरुड तालुक्यात शाळकरी पोरही सांगेल. हाच मोरचूद सिनेमाच्या रिळालाही चालतो, हे मात्र तिथे कुणाच्या गावी नसतं.

चुन्याऐवजी मीठ घालायचं. त्या द्रावणात कृष्णधवल फिल्म बुडवली की चित्रातली काळी चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन फिकी पडते. उजेडात पुन्हा डेव्हलपर दिला की चित्र परत येतं, पण तपकिरीकडे झुकलेलं. अॅसेटिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोड दिली तर गडद भागातलं जिलेटिनच फुगून सुटतं, पापुद्र्यासारखं लोंबतं. ही युक्ती मूळची कागदावरच्या फोटोंची. 1960च्या दशकात फ्रान्सच्या ज्याँ-पिएर सुद्रनं ती नावारूपाला आणली.

मोरचुदाचं घराणं आपल्याकडे त्याहून जुनं. 'रसरत्नसमुच्चया'त तो 'सस्यक' म्हणून आठ महारसांत बसतो. निळा खडा मुशीत तापवून मृगाच्या किड्यासारखं लाल तांबं काढायची कृती तिथे आहे. रामटेकजवळच्या एका टेकडीला रसशास्त्रज्ञ नागार्जुनाचं नाव आहेच.

फिल्म घरी धुणंही नवं नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादरला सरस्वतीबाई फाळके घरचं सांभाळून ते करत. ती गरज होती. पुढे 1965 साली कोडॅकचं सुपर 8 आलं. पन्नास फुटांचं काडतूस, जेमतेम तीन मिनिटांचं. धुवायला कंपनीकडे धाडायचं, पण स्वस्त, म्हणून नासवायलाही परवडणारं.

ब्रिटिश दिग्दर्शक डेरेक जार्मननं सुपर 8 वर किमयागारांची चिन्हं, आग, आरसे टिपले. 'इन द शॅडो ऑफ द सन' त्यातूनच झाला. पण माझ्या मते त्याची किमया पुस्तकातली. खरे घमेल्यात उतरले ते बॉनच्या श्मेल्झडाहिन गटाचे लोक, 1979 पासून. त्यांनी रिळं बागेत पुरली, जिवाणूंना खाऊ घातली, रसायनांत मुरवली. त्यांच्यातल्या युर्गेन रेब्लेनं 1992 मध्ये थोमास क्योनरच्या ध्वनीसोबत 'अल्केमी' केलं: 16 मिलिमीटर फिल्मचं एक वेटोळं प्रोजेक्टरमधून फिरताना प्रेक्षकांदेखत त्यावर रसायनं चढवायची, चित्र उगवायचं आणि खलासही व्हायचं. पुढच्या खेळाला नवा तुकडा.