वर्तणूक : चांगली

शाळेच्या जनरल रजिस्टरात शेवटाशेवटाला दोन रकाने असतात, 'प्रगती' आणि 'वर्तणूक'. तालुक्याच्या गावच्या ज्युनिअर कॉलेजात मी हेडक्लार्क होतो. या दोन रकान्यांवरून दाखल्यावर उतरवताना माझा हात कधी अडखळला नाही. प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली. बाकं मोडणाऱ्याचीही चांगली आणि सरांच्या स्कूटरची हवा सोडणाऱ्याचीही चांगली. दुसरं काही लिहिलं असतं तर पोरगं पुढं गेलं असतं कुठं?

वर्तणुकीच्या रकान्याला आता कुणी विचारत नाही, पण त्याची कुळी मोठी आहे. मुंबई विद्यापीठ 1857 च्या जुलैत स्थापन झालं, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. कॉलेजात पाऊल ठेवायचं तर आधी मॅट्रिक, म्हणजे प्रवेशपरीक्षाच ती. पहिली मॅट्रिक 1859 साली झाली. सव्वाशेच्या वर मुलं बसली, त्यांतली वीस-बावीसच पास झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांतलेच. परीक्षेला बसणाऱ्यानं वयाचा आणि चांगल्या चालचलणुकीचा दाखला आणायचा, ही रीत त्या काळची. विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती, कारभार टाउन हॉलमधून चाले. पुण्याहून एखादा उमेदवार निघाला असेल, तर तो खंडाळ्यापर्यंत आगगाडीनं आला असेल, घाट पायी नाहीतर पालखीतून उतरला असेल आणि खोपोलीला पुन्हा गाडीत बसला असेल. भोर घाटातला लोहमार्ग 1863 साली सुरू झाला, तोवर हीच तऱ्हा. खिशात हेडमास्तरांचा कागद, अंगावर घाटातली धूळ. हेडमास्तर मुलाला ओळखत, त्याच्या बापालाही ओळखत, आणि त्यांच्या सहीवर विद्यापीठ विसंबे.

प्रवेशपरीक्षेच्या अर्जाचा इतिहास मला एवढाच दिसतो. तुमच्याबद्दल कुणीतरी लिहून द्यावं लागतं, आणि हा लिहून देणारा बदलत गेला.

हेडमास्तरांच्याही मागे एक माणूस असे, पहिलीत नाव घालणारा मास्तर. त्यानं लिहिलं तेच पुढं दाखल्यावर, तेच बोर्डाच्या सर्टिफिकेटवर. साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव पडलं, 'भिवा रामजी आंबेडकर', रजिस्टर नंबर 1914. हाच मुलगा 1907 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. आता 7 नोव्हेंबरला राज्यभर विद्यार्थी दिवस साजरा करतात. रजिस्टरातल्या एका ओळीला असा मान मिळालेला दुसरा दाखला मला ठाऊक नाही.

बाकीच्यांच्या ओळी साध्याच, पण त्यांनीही भलतेच खेळ केले. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या माणसांना जन्मतारीख विचारा, एकामागून एक उत्तर येईल, 1 जून. आई सांगे, 'पाऊस उशिरा आला त्या साली झाला बघा, पोळ्याच्या आगंमागं.' मास्तर बोटांवर वर्षं मोजत आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून 1 जून लिहून मोकळे होत. वय बसावं म्हणून कधी वर्ष मागं ढकलत. मेडिकलच्या प्रवेशाला 31 डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पुरी लागतात. त्यामुळं मास्तरांनी फुकट दिलेलं एक वर्ष कित्येकांच्या उपयोगी पडलं आणि खऱ्या तारखेचा जन्मदाखला ग्रामपंचायतीतून उकरून आणणारा हुशार बाप मात्र अडचणीत आला. दोन कागदांवर दोन तारखा म्हटल्यावर खिडकीतला माणूस अर्ज परतच करणार.

विद्यापीठाची मॅट्रिक गेली, 1949 पासून एसएससी आली. पुढं बारावी सुरू झाल्यावर बरीच वर्षं तिचे मार्क हेच प्रवेशाचं तिकीट होतं. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, जागा वाढल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सीईटी आली आणि आमच्या खिडकीसमोर खरी झुंबड उडाली.

त्या काळचा अर्ज म्हणजे एक गठ्ठाच. राष्ट्रीयीकृत बँकेचा डीडी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, आणि प्रत्येकाची अटेस्टेड झेरॉक्स. अटेस्टेशनला गॅझेटेड अधिकारी हवा. तालुक्यात असे अधिकारी मोजके. तहसीलदार सापडत नसत, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर ओपीडीत. उरले जनावरांच्या दवाखान्याचे साहेब. भल्या सकाळी त्यांच्याकडं एका बाजूला गाभण म्हशी आणि दुसऱ्या बाजूला एमबीबीएसची स्वप्नं पाहणारी पोरं, अशी रांग लागे. साहेब हात धुऊन येत, मूळ कागदाकडं एक नजर टाकत आणि जांभळ्या शाईचा गोल शिक्का उमटवत. शिक्का पुसट आला की पोरगं रडवेलं होई. 'दुसरा मारतो रे,' साहेब म्हणत. त्या माणसानं एका पैशाची अपेक्षा केली नाही. पण खरं सांगायचं तर तो पोराला ओळखत नव्हता, तो फक्त कागद ओळखत होता. हेडमास्तर गेले होते, शिक्का उरला होता.

2015 मध्ये शासनानं तेही सोडलं. ज्याचा कागद त्यानंच सही करायची, स्वयंसाक्षांकित प्रत. मला हे फार पटलं. सतरा वर्षांच्या पोराला प्रथमच कुणीतरी म्हणालं, तू म्हणतोस ते खरं धरतो.

नेमकं तेव्हाच परीक्षेचंच काही खरं राहिलं नाही. इंजिनीअरिंगसाठी 2014 आणि 2015 ला जेईई मेन, 2016 ला पुन्हा राज्याची सीईटी. मेडिकलचं तर विचारूच नका. त्याच 2016 च्या एप्रिलअखेर सर्वोच्च न्यायालयानं देशभरची नीट परीक्षाच द्यायची असं सांगितलं, 5 मे रोजी राज्याची सीईटी ठरल्याप्रमाणं पार पडली, 24 मे रोजी केंद्राचा अध्यादेश निघाला आणि त्या एका वर्षापुरती सरकारी जागांसाठी सीईटी चालली. खासगी जागा हवी त्यानं 24 जुलैची नीट द्यायची. आमच्याकडं आईबाप हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन येत आणि विचारत, 'नक्की कुठला फॉर्म, भाऊसाहेब?' कोर्टाच्या तारखा सांगणं ही क्लार्कची नोकरी आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

2019 पासून एमएचटी-सीईटी संगणकावर होते, मार्काऐवजी पर्सेंटाइल मिळतात. अर्जही महा ई-सेवा केंद्रात नाहीतर मोबाइलवर भरला जातो. ओळख पटवायला आधार, आणि ओटीपी येतो बापाच्या नंबरवर, तो ऊसतोडीला कर्नाटकात. पोर केंद्रावर फोन कानाला लावून बसते, पलीकडून बाप एकेक आकडा वाचतो, तोवर वेळ संपलेली असते. तंत्र चांगलं आहे, माझी तक्रार नाही. पण म्हशींच्या दवाखान्यात शिक्का पुसट आला तर दुसरा मारून मिळे, इथं नावात एक अक्षर इकडंतिकडं झालं की नायब तहसीलदारापासून राजपत्रापर्यंत वारी.

आणि नावाचं प्रकरण आता आणखी रंगणार आहे. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. निर्णय उत्तम. फक्त आमच्या भागात लग्नात मुलीचं पाळण्यातलं नाव बदलायची चाल अजून आहे. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात. शाळेच्या दाखल्यावर सुनंदा, आधारवर वैशाली आणि सासरी हाक वेगळीच. 2024 मध्ये जन्मलेली पोरं 2042 च्या आसपास सीईटीला बसतील. तेव्हाच्या क्लार्कनं आईचा शाळेचा दाखला आणि लग्नाचं प्रमाणपत्र आत्तापासूनच मागून ठेवावं.