भिंतीवरून परतणारा ध्रुवित प्रकाश

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याकडून झिरपलेले पाणी भुयारांतून वाहते आणि उजेड येतो तो वरच्या विहिरीसारख्या कुंड्यांतून. भुयार वळते तिथे पलीकडची वस्तू दिसत नाही, समोरची ओली भिंत तेवढी दिसते. पण त्या वस्तूवरून निघालेले किरण भिंतीवर पडून थोडेफार आपल्याकडेही येतातच. त्यांतून वस्तूची प्रतिमा उभी करता येईल का?

अडचण भिंतीच्या स्वभावात आहे. भिंतीच्या प्रत्येक बिंदूवर वस्तूच्या सगळ्या बिंदूंचा प्रकाश पडतो, त्यामुळे शेजारच्या दोन बिंदूंची उजळता जवळजवळ सारखीच असते. प्रत्येक बिंदूच्या उजळतेचे एक, अशी समीकरणे पुष्कळ मिळतात, पण ती एकमेकांसारखी. मापनात जराशी चूक झाली की उत्तर पार बिघडते.

नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर आणि एमआयटीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये यावर काळाचा उपाय दाखवला. लेसरचे अतिसूक्ष्म स्पंद भिंतीवर सोडायचे आणि परतणाऱ्या प्रकाशाची वेळ सुमारे दोन पिकोसेकंदांपर्यंत मोजायची; तेवढ्या वेळात प्रकाश 0.6 मिलिमीटर जातो. उपाय अचूक, पण उपकरण फार महाग.

रासकरांकडे शिकलेले अच्युत कदंबी यांनी केनिचिरो तानाका व यासुहिरो मुकाइगावा यांच्यासह 2020 मध्ये ध्रुवणाचा, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेचा, मार्ग मांडला. मला तो अधिक सुंदर वाटतो, कारण त्यात साध्या प्रकाशाचाच एक दुर्लक्षित गुण कामी येतो. पृष्ठभागावरून तिरपा परावर्तित झालेला प्रकाश आपतन प्रतलाला (येणारा किरण आणि पृष्ठभागावरचा लंब ज्यात असतात त्या प्रतलाला) लंब अशा दिशेत ध्रुवित होतो. ब्रूस्टर कोनाला हे ध्रुवण पूर्ण असते. हा कोन पाण्यासाठी सुमारे 53 अंश, काचेसाठी 56. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून येणाऱ्या किरणाचे आपतन प्रतल वेगळे, म्हणून ध्रुवणाची दिशाही वेगळी. कॅमेऱ्यापुढे ध्रुवक ठेवला की काही बिंदूंचा प्रकाश अडतो, काहींचा सुटतो, आणि कोणाचा किती अडेल हे भिंतीवरच्या जागेनुसार बदलते. एरवी सारखी दिसणारी समीकरणे त्यामुळे वेगळी होतात आणि गणिताला धरायला आधार मिळतो.

भिंतीच्या आत शिरून, पुन्हा पुन्हा विखुरून बाहेर येणारा प्रकाश मात्र आपले ध्रुवण बहुतांशी गमावतो. त्याचा उपयोग नाही. तो फक्त गोंगाट वाढवतो. म्हणून कोरडी, खरबरीत चुन्याची भिंत या पद्धतीला प्रतिकूल आणि पाण्याचा पातळ थर धरलेला दगड अनुकूल. शिवाय किरण भिंतीला अगदी घासून आले किंवा सरळ लंब पडले, तर ध्रुवण जवळपास उरतच नाही. अरुंद भुयारात हीच खरी मर्यादा आहे. तिथे पुष्कळसे किरण भिंतीला घासूनच येतात. वळण पुरेसे रुंद आणि भिंत ओली असेल तिथेच ही पद्धत वापरावी.